वाटूर ते जालना, दुधाच्या सायकलवर

सांगलीला परत आल्यापासून ज्याला त्याला एकच ऐकायचं असतं: एकटी बाई अठरा दिवस सायकलवर फिरली, भीती नाही वाटली? मी खरं ते सांगते. वाईट माणसाची भीती वाटावी असा प्रसंग आलाच नाही. एकदाच धाबं दणाणलं, ते चांगल्या माणसांच्या मायेनं, आणि ते जालना जिल्ह्यात. ती हकीकत तुकड्यातुकड्यानं सांगून माझा घसा बसला आहे, म्हणून एकदाची लिहूनच काढते.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि कोर्टात नक्कल विभागात काम करते. मूळ कागद आणि नक्कल शब्दन् शब्द ताडून बघायची आणि मगच ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. न बघता शिक्का मारणारी माणसं मला सहन होत नाहीत, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. साठलेली रजा घेऊन सोलापूर, लातूर, नांदेड, जिंतूर, जालना, औरंगाबाद, नगर, पुणे आणि परत सांगली असा बाराशे किलोमीटरचा फेरा सायकलवर मारायचा म्हणून मी निघाले, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी पैज लावली की बाई निम्मा महाराष्ट्र एस.टी.च्या टपावरून बघणार. नवऱ्यानं पैज लावली नाही, पण टपावर सायकल बांधायला उपयोगी पडेल म्हणत एक दोरी तेवढी पिशवीत घातली. ती मी घरीच काढून ठेवली.

असे लांबचे सायकलवाले पूर्वीपासून एक वही बाळगतात. वाटेतल्या गावात ग्रामपंचायत, पोस्ट, शाळा, जे उघडं असेल तिथं जायचं, शिक्का आणि सही घ्यायची, म्हणजे खरोखर आलो होतो याला पुरावा राहतो. माझी वही दोनशे पानी होती आणि नियम एकच होता: चाक जमिनीवर आणि मी चाकावर. चढाला उतरून ढकलली तर चालेल, पण सायकल कशावरही चढवायची नाही.

या नियमामागं कारण आहे. अठरा वर्षांची असताना आमच्या कॉलेजची सायकल सहल पन्हाळ्याला गेली होती. घाट लागायच्या आधी सरांनी आम्हा सहा मुलींच्या सायकली टेंपोत चढवल्या. मुलींनी इथवर केलं तेच पुष्कळ, असं ते मायेनंच म्हणाले होते. वर पोचल्यावर फोटोत आम्हीही मुलांबरोबर हसत उभ्या होतो. तो घाट मला चढता आला असता की नाही, हे मला कधी कळलं नव्हतं, आणि ते माहीत नसणं सव्वीस वर्षं टोचत आलं होतं.

मंठा

नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला मंठ्याहून निघाले. रात्री एका शिक्षिकेच्या घरी मुक्काम होता, त्यांनी धपाट्यांची शिदोरी बांधून दिली होती. जालना पासष्ट किलोमीटर. आदल्या आठ दिवसांच्या मानानं हा दिवस मी मनातल्या मनात सुट्टीचाच धरला होता. दहापर्यंत वाटूरच्या पुढं, तीनपर्यंत जालना, मग अंघोळ आणि झोप.

फेब्रुवारी संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कुठं ज्वारीची काढणी चाललेली, कुठं कापूस वेचून रिकाम्या झालेल्या पऱ्हाट्या उभ्या. आमच्या कृष्णाकाठी या दिवसांत उसामुळं पुढचं काही दिसत नाही. इथं मात्र पुढचं गाव तासभर आधी दिसायला लागतं आणि जवळ काही येत नाही. सायकलवाल्याच्या धीराची त्यात परीक्षा होते.

एकट्या बाईनं सायकलवर फिरताना एक प्रश्न येतो, तो प्रवासाच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही. तो आडोशाचा. साडेसातच्या सुमाराला एका कापून झालेल्या शेतात कडब्याची चांगली उंच गंजी दिसली. सामान रस्त्यावर कसं सोडायचं म्हणून मी शहाणपणा करून सायकलही बांधावरून आत ढकलत नेली. बाहेर आले तेव्हा दोन्ही टायरांना सराटे चिकटले होते. सराटा म्हणजे हरभऱ्याएवढं काटेरी फळ, कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वर असतोच. ते उपटत गेले तशी हवा सुसू करत गेली. पुढच्या चाकाला चार भोकं आणि मागच्याला तीन. माझ्याकडं ठिगळं पाच होती.

नऊ वाजेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला ट्यूब मांडीवर घेऊन बसले होते. पुढचं चाक उभं राहिलं, मागचं दोन भोकांसाठी अडलं. सायकल ढकलत चालायला लागले, तर समोरून वारा सुरू झाला. त्या भागात या दिवसांत ऊन चढलं की पश्चिमेचा वारा सुटतो आणि दिवस बुडेपर्यंत थांबत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मागून डब्यांचा खडखडाट आला. एक पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, काळी उंच सायकल आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवलेले दुधाचे रिकामे डबे. हे रंगनाथराव. नातेवाइकाकडं दूध पोचवून वाटूरकडं परत निघाले होते. त्यांनी टायर बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “चप्पल घालून बी आम्ही त्या रानात जात न्हाई ताई, तुम्ही टायर घेऊन गेल्ता.”

ते टांग टाकून पुढं जाऊ शकले असते. पण मी चालते म्हटल्यावर तेही उतरले आणि आम्ही दोघं आपापल्या सायकली हातात धरून वाटूर फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी माझं गाव, नोकरी, मालक काय करतात, मुलं किती, सगळं विचारून घेतलं. आमच्याकडं असं विचारायला तीन भेटी लागतात, इथं तीन किलोमीटर पुरले. शेवटी त्यांनी विचारलं की हे सगळं केल्यावर कुणी सत्कारबित्कार करणार आहे का. मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी माझं टायर पुन्हा एकदा बघितलं.

आखाडा

फाट्यावर पंक्चर काढून होईपर्यंत साडेअकरा झाले. उन्हानं डोकं ठणकत होतं. ग्रामपंचायतीला कुलूप होतं. रंगनाथराव म्हणाले की ग्रामसेवक दुपारी विहिरीच्या कागदासाठी त्यांच्याच आखाड्यावर येणार आहेत, जालन्याच्या रस्त्यालाच तीन किलोमीटरवर आहे, जेवण करा, शिक्का तिथंच मिळेल. आखाडा म्हटल्यावर माझ्या सांगलीच्या डोळ्यांपुढं लाल माती आणि लंगोट बांधलेले पैलवान आले. इकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. दोन खोल्या, गोठा, समोर लिंबाचं झाड आणि त्याखाली बाज.

रंगनाथरावांच्या बायकोचं नाव कुशावर्ता. वयानं माझ्याएवढीच, सडपातळ, बोलायला कमी. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, तोंडाकडं पाहिलं आणि पहिलं काय केलं असेल तर कांदा फोडून माझ्यापुढं ठेवला. मग भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, दही, लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडं पाहुण्याला वाढताना तीनदा आग्रह करतात. ती विचारतच नव्हती, वाढत होती. जेवल्यावर मी म्हटलं, अर्धा तास पाठ टेकते, ग्रामसेवक आले की शिक्का घ्या आणि मला उठवा. वही रंगनाथरावांच्या हातात दिली आणि बाजेवर आडवी झाले.

उठले तेव्हा दोन वाजले होते. लिंबाच्या सावलीनं बाज सोडली होती. बुंध्याला टेकवलेली माझी सायकल तिथं नव्हती.

रंगनाथराव ओट्यावर बसले होते. मला उठलेली पाहून त्यांचा चेहरा उजळला. एखाद्यानं आपलं काम फार छान करून ठेवल्यावर जसा होतो तसा. “सायकल म्या पुढं धाडून दिली, ताई. शेजाऱ्याचा टेंपो तुरीची पोती घेऊन जालन्याला चालल्ता. त्याच्यावर बराबर बांधली, सामानासकट. आता तुम्ही गाडीनं आरामात जा.”

त्यांनी वही पुढं केली. ग्रामसेवक येऊन गेले होते आणि शिक्काही झाला होता. एक नाही, तीन. त्या ग्रामसेवकांकडं वाटूरबरोबर पुढच्या दोन गावांचाही चार्ज होता आणि तिन्ही गावांचे शिक्के त्यांच्या पिशवीतच असतात. बाईंना उन्हात पुन्हा थांबायला नको, म्हणून त्यांनी तिन्ही एकदमच उठवून दिले होते. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सायकलस्वार महिला आज रोजी आमच्या गावी येऊन गेल्या. खाली सही आणि तारीख.

ज्या गावांचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, त्या गावांनी मला पाहिल्याचं लिहून दिलं होतं. बावीस वर्षं मी जे दुसऱ्यांच्या कागदांवर होऊ दिलं नाही, ते माझ्या वहीत सरकारी शाईनं झालं होतं.

मी फार वाईट बोलले. मला न विचारता माझ्या वस्तूला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार, तुम्ही माझ्या नऊ दिवसांवर पाणी फिरवलंत, असं आणि याहून वाईट. ज्या माणसाचं मीठ तोंडात अजून ताजं होतं त्याच्या दारात उभी राहून बोलले. लिहितानाही लाज वाटते.

रंगनाथरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “झोपेत कण्हून राह्यल्या होत्या तुम्ही,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीला म्या असल्या उन्हात जाऊ दिलं नसतं. मंग तुम्हाला कसं जाऊ देऊ?”

राग तसाच होता आणि तो ठेवायला जागा उरली नव्हती. मी ओट्यावर बसले आणि त्यांना पन्हाळ्याचा घाट सांगितला, टेंपो सांगितला, फोटो सांगितला. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझी समजूत घातली की वाटूरपासून जालन्यापर्यंत पंचेचाळीस तर किलोमीटर, बाराशेत तेवढे काय दिसतात. शिक्के आहेत, टेंपोवाला घरचा आहे, कुणाला कळणार?

तेव्हा दारात उभी असलेली कुशावर्ता बोलली. “त्यान्ला सवताला तर कळंल ना.”

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. ती माझ्याशी बोलावं तसं, पण त्यांच्याकडं बघत म्हणाली, “मला बी माझी पात दुसरीनं काढलेली आवडत न्हाई.”

पात म्हणजे खुरपणीला बायका रांगेनं बसतात तेव्हा एकेकीच्या वाट्याला येणारा शेताचा पट्टा. जी मागं पडते तिची पात बाकीच्या जणी पुढून काढत येतात आणि मध्ये गाठतात. ती मदतच असते, आणि रंगनाथरावांनाही ते माहीत होतं. कुशावर्ताला ती मदत नको असायची, हे मात्र बहुधा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

गोठ्याच्या भिंतीला दुधाची काळी सायकल उभी होती. मी तिच्याकडं बोट दाखवून विचारलं, ही देता का? नियमात चाक होतं, ते कुठल्या सायकलचं हे लिहिलेलं नव्हतं. रंगनाथराव गडबडीनं उठले. ही मोठी आहे, जड आहे, पुरुषाची आहे, तुमचा पाय पुरणार नाही, हिचा पुढचा ब्रेक लागत नाही. ते कारणं सांगत होते तोवर कुशावर्तानं डबे आकड्यांवरून काढून खाली ठेवलेही होते. संध्याकाळच्या दुधाचं काय करणार, मी विचारलं, तर ते माझं मी बघते म्हणाली.

ठरलं ते असं. मी या सायकलवर निघायचं. रंगनाथरावांनी मागून एस.टी.नं यायचं, मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, ज्या आडतीत तुरी उतरणार होत्या तिथं माझी सायकल सांभाळायची आणि आपली ताब्यात घ्यायची. माझी टोपी आणि पाण्याची बाटली टेंपोबरोबर गेली होती. कुशावर्तानं पंचा ओला करून माझ्या डोक्याला बांधला, एका छोट्या किटलीत पाणी दिलं आणि किटली हँडलला अडकवली.

रस्ता

अडीच वाजता निघाले. निघाले म्हणण्यापेक्षा सुटले. त्या सायकलवर चढायचं म्हणजे डाव्या पायडलवर उभं राहायचं, उजव्या पायानं जमीन रेटायची आणि वेग आला की आडव्या दांडीवरून पाय पलीकडं टाकायचा. आमच्या गल्लीतल्या पुरुषांना हे करताना मी आयुष्यभर पाहिलं आहे, स्वतः कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा ओढणी अडकली, दुसऱ्यांदा मीच अडकले, तिसऱ्यांदा बसले. सीटवर बसलं की पायडल खाली गेल्यावर पाय सुटायचा आणि ते वर आल्यावर शोधून पुन्हा धरायचं. एका वेळी एकच पाय काम करत होता आणि दुसरा वाट बघत होता.

वारा आता पुरता तोंडावर होता. माझ्या सायकलला पाच गिअर आहेत, हिला एकही नाही. चढाला उतरून ढकलत होते, ते समजण्यासारखं आहे. पण मी उतारालाही पायडल मारत होते, कारण वारा मला खाली येऊ देत नव्हता. कॅरिअरचे आकडे सारखे वाजत होते. सुरुवातीला त्यांचा वैताग आला, मग त्यांचीच खणखण मी मोजायला लागले. शंभर खणखण झाले की किटलीतला एक घोट.

पहिल्या गावाला पोचायला चार वाजले. रस्त्याकडेला चहाची टपरी होती. मी वही उघडून टपरीवाल्यापुढं ठेवली आणि या शिक्क्याखाली मी आल्याचं लिहून सही कराल का म्हणून विचारलं. त्यानं शिक्का पाहिला, मला पाहिलं. “शिक्का तर झालाय. मंग सही काहून पाह्यजे?” मी म्हटलं, शिक्का माझ्या आधी आला, मी आत्ता आले. तो हसला नाही. चहा गाळता गाळता त्यानं विचार केला, हात पुसले आणि लिहिलं: बाई चार वाजून पाच मिनिटांनी सायकलवर आल्या. चेहरा लाल होता. चहा पिल्या. मी समक्ष हजर होतो. ‘समक्ष’ हा शब्द वाचून माझ्यातली कोर्टातली बाई गहिवरली.

पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. साखर कारखान्याकडं निघाल्या होत्या, रस्ता अडवून, संथ. त्यांना ओलांडताना समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला तो पुढचा, जो लागत नव्हता. कडेच्या मुरमात आडवी झाले. कोपर सोलवटलं, सलवार गुडघ्यावर फाटली आणि किटली लवंडून पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. गाडीवरच्या ऊसतोड बाईनं गाडी न थांबवता वरूनच एक ऊस ओढून काढला आणि माझ्याकडं टाकला. मी तो मोडून, दातांनी सोलून, तिथंच मुरमात बसून खाल्ला. आम्ही सांगलीची माणसं उसाबद्दल फार बोलतो. इतका गोड ऊस मी घरी खाल्लेला नाही.

दुसऱ्या गावाच्या अलीकडं ज्वारी काढून घरी निघालेल्या सात-आठ बायका भेटल्या. मी थांबून सहीचं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. मग त्यांनी एकीला पुढं ढकललं. ती साक्षरतेच्या वर्गाला जात होती. तिनं विळा खाली ठेवला, वही माझ्या सायकलच्या सीटवर टेकवली आणि एकेक अक्षर पुटपुटत नाव लिहिलं. तिच्या नावाच्या चार अक्षरांना दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ बाकीच्या श्वास रोखून बघत होत्या, आणि मीही. लिहून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचून दाखवलं. वहीत आज कलेक्टर कचेरीचाही शिक्का आहे, पण ते पान मी सगळ्यांना आधी दाखवते.

जालना चौदा किलोमीटर असल्याच्या दगडापाशी माझं सगळं संपलं. मांड्यांत पेटके आले. मी सायकल दगडाला टेकवली आणि जमिनीवर बसून रडायला लागले. दुःखाचं रडू नव्हतं, अंगात काही उरलं नाही म्हणजे येतं ते होतं. तेवढ्यात मागून एस.टी. आली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. कंडक्टर दारात आला आणि म्हणाला की टपावर जागा आहे, सायकल चढवतो, बाई तुम्ही आत या.

खिडकीत रंगनाथराव होते.

खोटं कशाला लिहू, मी उठले ते चढण्यासाठीच उठले असेन. माझा हात सायकलच्या हँडलवर होता आणि पाय एस.टी.च्या दिशेला. मी रंगनाथरावांकडं पाहिलं. त्या क्षणी ते ‘या ताई’ म्हणाले असते, तर ही हकीकत मी लिहिलीच नसती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फाटक्या गुडघ्याकडं पाहिलं, आपल्या सायकलकडं पाहिलं. मग कंडक्टरकडं वळून म्हणाले, “जाऊ द्या मास्तर. मारा डबल बेल. त्या येऊन राह्यल्या.”

बस गेली. धूळ बसल्यावर मी डाव्या पायडलवर उभी राहिले.

त्या चौदा किलोमीटरचं वर्णन मला नीट करता येत नाही. मोसंबीच्या बागा गेल्या, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या गेल्या, पोलादाच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागली. शेवटच्या चार किलोमीटरला वारा पडला. इतका उशिरा पडला याचा मला रागच आला. पण त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी वर येत होतं. मी मोठ्यानं बोलत होते, एकटीच. होतंय, म्हणत होते. येतंय मला. मला माझा अभिमान वाटला, आणि तो लिहायला मला संकोच वाटत नाही. अठराव्या वर्षी जे विचारायचं राहून गेलं होतं त्याचं उत्तर मला जालन्याच्या वेशीवर मिळालं. पन्हाळ्याचा घाट मला चढता आला असता.

मोंढा

दिवेलागणीला आडतीत पोचले. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला माझी सायकल टेकवलेली होती आणि तिच्या शेजारी रंगनाथराव मांडी घालून बसले होते. ते उठले. माझ्या कोपराकडं बघितलं, हळहळले, मग विचारलं, “आलं पूर्ण?”

“पूर्ण,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून आपली सायकल घेतली आणि हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या वाटूरहून आल्या, उलट्या वाऱ्यानं, आणि ही आपली सायकल आहे. हमाल जमले. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. रंगनाथरावांनी वही मागून घेतली आणि दिव्याखाली नेऊन तिन्ही शिक्क्यांखालचं सगळं वाचलं, टपरीवाल्याचं समक्ष आणि त्या बाईची चार अक्षरं. दुपारी मी जे बोलले त्याची मी माफी मागितली. ते म्हणाले की ते बोलणं त्यांनी आखाड्यावरच ठेवलं, बरोबर आणलंच नाही.

त्या रात्री मी नव्या जालन्यात स्टेशनजवळच्या लॉजवर झोपले, ते आडतीतच पोत्यांवर झोपले. सकाळी सातला आम्ही बसस्टँडवर भेटायचं ठरलं होतं. मी जरा आधी जाऊन वाटूरकडची गाडी कुठं लागते ते पाहून ठेवलं आणि त्यांची सायकल टपावर चढवायला एका हमालाशी बोलूनही ठेवलं. निदान एवढी परतफेड आपण करावी, असं मला वाटत होतं.

रंगनाथराव आले. त्यांनी चाकांची हवा दाबून पाहिली, साखळी हातानं फिरवून पाहिली आणि पुढं आलेल्या हमालाला हातानंच थांबवलं. “चालवतच नेतो, ताई,” ते म्हणाले.

मी लगेच सुरू झाले. एवढ्या लांब कशाला, गाडी समोर उभी आहे, पोचेपर्यंत ऊन होईल, या वयात कशाला दगदग. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे सगळं काल कोण कुणाला सांगत होतं. ते हसत होते. त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

“टपावर टाकून नेली तर कुशावर्ता पहिलं तेच इचारल, कशी आणली म्हणून. तिला काय सांगू?”

आणि पायडलवर पाय देऊन, दांडीवरून सहज टांग टाकून ते मंठ्याच्या रस्त्याला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. मग माझ्या सायकलवर बसले आणि औरंगाबादकडं निघाले.